गरम पीस

"चहा नंतर घेऊ मॅडम. आधी टेस्ट उरकून टाकू, पीस लावून तयारच आहे," वाघुळदे साहेब म्हणाले, आणि मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण माणूस बदलला नव्हता. घाई तीच होती.

"छे हो साहेब," मी खुर्ची ओढून बसले. "पुण्याहून पहाटे निघालेय. चहा पोटात गेल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. आणि इथला चहा किती वर्षांनी मिळतोय!"

आता त्या दिवसालाही बरीच वर्षं झाली, पण त्या चहाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. तसा तो पाणचटच होता.

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीतली ती रबराची कंपनी. लॅबच्या खिडकीला तीच हिरवी जाळी, हवेला तोच गंधकाचा वास. मशीन मात्र नवीन घेतलेलं दिसत होतं. पोलादी चौकट, तिच्यात वर एक पकड, खाली एक पकड, आणि मधोमध मुठीएवढा काळा रबरी ठोकळा. हाच तो पीस. त्याला म्हणायचं माउंटिंग. जनरेटरचं इंजिन आणि त्याच्या खालची फ्रेम यांच्यामध्ये अशी माउंटिंगं बसवतात. इंजिन सारखं थरथरतं. ती थरथर रबराने पोटात घ्यायची, फ्रेमपर्यंत जाऊ द्यायची नाही. मशीन त्याला खालीवर हलवून बघतं, कधी हळू, कधी वेगाने, आणि रबर किती कडक आहे ते आकड्यात सांगतं. आकडा मर्यादेच्या वर गेला की रबर गरजेपेक्षा कडक. मग थरथर सरळ खाली जाणार आणि फ्रेमला तडे पडणार. म्हणून माल नापास.

तो पास की नापास, हे ठरवायला मी आले होते. पुण्याजवळच्या एका जनरेटर कंपनीत मी या कामाची प्रमुख होते. आमची वर्षभराची ऑर्डर या एका नमुन्यावर अडली होती. मेलवर माझं नाव 'एच. रणदिवे' असं जायचं, त्यामुळे कोण येणार आहे याचा साहेबांना पत्ता नव्हता. सकाळी गेटवर मी गाडीतून उतरले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाआधीची हेमलता दुसाने त्यांनी बरोबर ओळखली. याच लॅबमधून त्यांनी तिला हाकललं होतं.

"नाझनीन, चहा सांग," साहेब नाइलाजाने म्हणाले.

मशीनपाशी उभी असलेली बाई फोनकडे गेली. नाझनीन तांबोळी, लॅबची इन्चार्ज, तिशीतली, डोक्यावर ओढणी घट्ट बसवलेली. माझ्याकडे तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती एकदा मशीनकडे बघायची आणि एकदा साहेबांकडे.

"सिन्नरच्या घाटात काय रस्ता केलाय हो आता!" मी म्हणाले. "पूर्वी अंग खिळखिळं व्हायचं."

"हो ना. मॅडम, चहा येईपर्यंत आपण सुरू..."

"नको. चहा निवतो मग."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघं एकाच घड्याळाचे काटे मोजत होतो, फक्त ते पुढे सरकू नयेत असं त्यांना वाटत होतं आणि ते सरकावेत असं मला. मी बिस्किटं मागवली. नंतर दुसरा कप मागवला. एवढा चहा मी एका बैठकीत कधी प्यायले नव्हते, पण प्यायले.

"अप्पा कसे आहेत तुमचे?" बोलायला काही उरलं नाही तेव्हा साहेबांनी विचारलं.

"गेले."

"अरेरे. कधी?"

"झाली तीन वर्षं."

"देवमाणूस," साहेब म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

या माणसाने अप्पांचं नाव घ्यावं याचा मला इतका राग आला की तिथल्या तिथे उठून त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी बिस्किट चहात बुडवलं. मला घाई नव्हती. घाई करून चालणारही नव्हतं.

अप्पा सोनार. सराफ बाजाराच्या मागच्या अरुंद गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत अप्पांचं काम, मागे आईचा संसार. ती सगळी गल्लीच सोनारांची. दिवसभर हातोड्यांची टकटक चालायची आणि तिच्यातच आम्ही अभ्यास केला, झोपलो, मोठे झालो. मी रबराचा डिप्लोमा करून सातपूरला लागले तेव्हा अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. "आमची हेमा लॅबमध्ये असते," येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, मग त्याला फक्त कानातल्याची दांडी बसवून हवी असली तरी. वाघुळदे साहेब माझे वरिष्ठ म्हणून दिवाळीला घरी जेवायला यायचे. आईच्या हातचं भरीत त्यांना फार आवडायचं, परत परत मागून घ्यायचे. त्यांच्या मुलीच्या बारशाला अप्पांनी चांदीचे वाळे घडवून दिले होते, मजुरीही घेतली नव्हती.

आणि एक दिवस असा आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं दुपारी नमुना बघायला येणार होती. सकाळी मी पीस लावला, आकडा मर्यादेच्या बराच वर आला. पुन्हा घेतला, तोच. साहेबांना सांगितलं. "मी बघतो," ते म्हणाले. "तू जेवून ये. निवांत जेव, घाई करू नको." मी जेवून आले, पाहुणे आले, आणि त्यांच्या देखत तोच पीस, तेच मशीन, आकडा अगदी मर्यादेच्या आत. मी स्वतः स्क्रीनवर पाहिला. सही केली. सकाळी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं मला वाटलं.

माल गेला, आणि काही महिन्यांत फ्रेमला तडे पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. कांकरिया शेठ, म्हणजे कंपनीचे मालक, यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मी खरं ते सांगितलं: सकाळी आकडा वर होता, दुपारी खाली आला.

"एकाच पीसचे एकाच दिवशी दोन आकडे?" शेठ म्हणाले. "बाई, मशीन खोटं बोलतं की तुम्ही?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी सुस्कारा सोडला. "शेठ, पोरगी कच्ची आहे. वाचताना गडबड करते. मी किती वेळा झाकून घ्यायचं? ज्या बाईला एका पीसचे दोन आकडे येतात, तिने पास केलेल्या मालाचं आणखी काय होणार?"

खरंच दोन आकडे आले होते आणि ते का आले हे मला माहीत नव्हतं. त्याच दिवशी मला काढलं.

तेवढ्यावर थांबले असते तर मी कदाचित विसरले असते. पण संध्याकाळी साहेब आमच्या गल्लीत आले. आत बसले नाहीत. पायरीवर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अप्पांना म्हणाले, "अप्पा, तुमच्या पोरीने आमचं नाक कापलं हो. चुकीचे आकडे देऊन कंपनी गोत्यात आणली. तुमच्याकडे बघून पोलिसांत नाही दिलं." त्यांना बाजारात हेच पसरायला हवं होतं, आणि आमची गल्ली त्यासाठी उत्तम जागा होती. एकेक हातोडी थांबली. समोर विसपुत्यांचं दुकान, त्यांची सगळ्यात शेवटी. त्या शांततेत अप्पा पाटावरून उठले आणि त्यांनी साहेबांपुढे हात जोडले. "पदरात घ्या साहेब," म्हणाले. माझ्या वतीने. मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "चूक झाली का गं तुझ्याकडून?"

"नाही अप्पा."

"मग दोन आकडे कसे आले?"

ते मला सांगता आलं नाही. त्यांनी मान हलवली आणि आमटी वाढून घेतली. पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल काही सांगणंही त्यांनी बंद केलं. नाशिकमध्ये मला कुणी दारात उभं करेना. पुण्यात एका मैत्रिणीच्या ओळखीने कसंबसं काम मिळालं, आणि तिथून मी वर चढत गेले. अप्पा गेले तेव्हा मी मोठ्या हुद्द्यावर होते. तरी शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले होते, "कामात लक्ष ठेवत जा हो. पुन्हा तसं नको व्हायला."

ते गेल्यावर वर्षभराने मला उत्तर सापडलं, तेही अपघाताने. एकदा मशीन हलतं ठेवून मी फोनवर बोलायला गेले, बोलणं लांबलं, आणि परत येऊन पाहते तर तोच ठोकळा मऊ झालेला. मी हात लावला. तापला होता. तो तसाच सोडून दिला, थंड होऊ दिला, पुन्हा मोजला. परत कडक.

लोखंडाला दाबलं की ते दाबणाऱ्याला तिथल्या तिथे परत ढकलतं. तेलाला दाबलं की ते बाजूला सरकतं, परत काही देत नाही. रबर या दोघांच्या मधलं. दिलेल्यातलं थोडं परत करतं, तेही जरा उशिराने. स्क्रीनवर दोन लाटा दिसतात, एक दाबाची आणि एक रबराच्या उत्तराची, आणि दुसरी नेहमी पहिलीच्या मागे असते. उरलेलं ते स्वतःत ठेवतं आणि त्याने तापतं. शिवाय स्वस्तात करायचं म्हणून त्यात काजळी आणि भुकटी जास्त घातलेली असली, तर ते कण एकमेकांचे हात धरून बसतात आणि रबर कडक होतं. जोरजोरात हलवत राहिलं की ते हात सुटतात, रबर मऊ पडतं. शांत ठेवलं की पुन्हा धरतात. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कुणी पीस भरपूर हलवून, तापवून ठेवला आणि पाहुणे आल्या आल्या घाईघाईने मोजून दाखवला, तर नापास माल बिनबोभाट पास.

त्या दिवशी 'निवांत जेव' का म्हणाले होते, ते मला पुण्यातल्या त्या लॅबमध्ये उभ्या उभ्या कळलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि वाट बघायला लागले. सातपूरच्या कंपनीचं नाव आमच्या टेंडरमध्ये आलं, तेव्हा तो नमुना बघायला मी दुसऱ्या कुणाला पाठवणं शक्यच नव्हतं.

"झाला चहा?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू होता तरी.

"झाला की." मी कप खाली ठेवला, उठले, मशीनपाशी गेले आणि पीसवर हात ठेवला. गार. "चला, करा सुरू."

नाझनीनने बटण दाबलं. ठोकळा खालीवर होऊ लागला. आकडा आला तो मर्यादेच्या वर, थोडाथोडका नाही, चांगलाच. मग साहेब वळले.

"नाझनीन! पकड नीट आवळली नव्हतीस का? किती वेळा सांगितलं तुला!" आणि माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, "मॅडम, काय सांगू. पोरी कच्च्या असतात, वाचताना गडबड करतात. मी किती वेळा झाकून..."

वाक्यसुद्धा बदललं नव्हतं. मी फक्त साहेबांना शिक्षा करायला आले होते. पण ते वाक्य नाझनीनच्या अंगावर पडताना पाहिलं आणि माझं उरलंसुरलं भान सुटलं.

"शेठ आहेत ना वर?" मी म्हणाले. "त्यांना बोलवा."

"शेठना कशाला त्रास..."

"बोलवा. नाहीतर मी इथून अशीच निघते. नापास."

कांकरिया शेठ काठी टेकत आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना खुर्ची दिली.

"शेठ, हा पीस आत्ता नापास झालाय. आकडा बघून ठेवा. याला आता कुणी हात लावायचा नाही. पकड तीच, मशीन तेच." मी स्वतः मशीनसमोर बसले, हेलकावे मोठे केले, वेग वाढवला आणि चालू करून दिलं.

ठोकळा धडधडायला लागला. आम्ही चौघं नुसतं बघत बसलो. शेठचा फोन वाजला, त्यांनी कापला. साहेब दोनदा "मॅडम, एक मिनिट, बाहेर जरा बोलू का" म्हणाले. मी मान वळवली नाही. हळूहळू रबराचा गरम वास सुटला, खोलीत पसरला. मला तो वास किती आवडला म्हणून सांगू! मग मी हेलकावे पहिल्यासारखे लहान केले, आणि लगेच आकडा घेतला.

मर्यादेच्या आत. पास.

शेठनी चष्मा चढवला, स्क्रीनजवळ वाकले.

"एकाच पीसचे एकाच दिवशी दोन आकडे," मी म्हणाले. "शेठ, मशीन खोटं बोलतं की मी?"

शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तुम्ही... त्या सोनाराच्या..."

"हो. हेमलता दुसाने."

"शेठ, टेस्टच्या आधी रबर हलवायचंच असतं," साहेब घाईने म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय. हिलाही माहीत आहे!"

"चार-दोन हेलकावे द्यायचे असतात," मी म्हणाले. "मग विश्रांती द्यायची आणि मग मोजायचं. तापवून ठेवायचं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"मी तापवलं असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते." नाझनीन बोलली. मशीनपासून ती एक पाऊल पुढे आली. "शेठ, मी सकाळीच साहेबांना सांगितलं होतं, आकडा वर येतोय. साहेब म्हणाले, मी बघतो. मला कँटीनला पाठवलं, निवांत ये म्हणाले. परत आले तर मशीन जोरात चालू होतं. मागच्या वेळीही असंच झालं होतं."

"साहेब," शेठ एवढंच म्हणाले.

साहेबांनी तोंड मशीनकडे वळवलं. मूग गिळून बसलेली माणसं मी त्याआधीही पाहिली होती, पण इतक्या जवळून, इतक्या आवडीने कधी पाहिली नव्हती.

शेठ धंदेवाला माणूस. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "मॅडम, जे झालं ते वाईट झालं. पण चारशे माणसं आहेत इथे. ऑर्डर गेली तर कठीण आहे. तुम्हाला काय हवं ते सांगा."

"हा नमुना नापास, त्यात बदल नाही. भुकटी कमी करून रबराचं नवीन कंपाउंड करा, पुन्हा पाठवा. त्याच्या रिपोर्टवर नाझनीनची सही पाहिजे. वाघुळदे साहेबांची सही आमच्याकडे यापुढे चालणार नाही, आणि का चालणार नाही हे मी लिहून देणार आहे."

साहेब टेबलाला धरून उभे होते. या एमआयडीसीत असं लिहून आलेल्या माणसाला कुणी कामावर ठेवत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनीच तर मला ते शिकवलं होतं.

"आणखी?" शेठनी विचारलं.

"आणखी एक. साहेबांनी आत्ता माझ्याबरोबर माझ्या घरी यायचं. गल्लीत."

"एवढंच?" शेठना खरंच आश्चर्य वाटलं. "जा वाघुळदे. मॅडम म्हणतील ते करा."

गाडीत साहेब माझ्या मागे बसले होते. त्र्यंबक नाका आला तसे ते म्हणाले, "हेमा, माझी रिटायरमेंट जवळ आलीय."

मी काच खाली केली.

"त्या वेळी माझ्यावरही दबाव होता गं. शेठ म्हणत होते ऑर्डर गेली तर तू गेलास. मी काय करणार?"

"पायरीवर उभं राहून बोलायला कुणी दबाव टाकला होता?"



आमच्या गल्लीत गाडी जात नाही. कोपऱ्यावर उतरून आम्ही चालत निघालो. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना हातोड्या चालू. कारागीर आता कमी झालेत, पण विसपुते काका अजून समोर बसतात, भिंगाचा चष्मा लावून. त्यांनी मान वर करून मला पाहिलं, मग माझ्यामागच्या माणसाला पाहिलं, आणि पुन्हा खाली बघून काम करू लागले.

आई जेवून आडवी झाली होती. मी हाक मारली तशी पदर सावरत पुढच्या खोलीत आली. अप्पांचा कामाचा पाट अजून तिथेच आहे, त्याच्या वर भिंतीला त्यांचा फोटो. आईने साहेबांना ओळखायला क्षणही लावला नाही. बसा म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. आमच्या घरी टपालवाल्यालाही पाणी मिळतं.

"आई, साहेबांना काही सांगायचंय," मी म्हणाले.

साहेबांनी घसा साफ केला. खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, त्या वेळी... हेमाची चूक नव्हती. सकाळचा आकडा तिने बरोबर दिला होता. पीस मी तापवून ठेवला होता. तिला माहीतही नव्हतं."

आईचा चेहरा जराही हलला नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मी माझ्या पोरीला ओळखते. तुम्ही ह्यांना सांगितलं होतं ना? मग ह्यांनाच सांगा." आणि तिने फोटोकडे बोट केलं.

साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ते दोन पावलं पुढे झाले, फोटोसमोर उभे राहिले, आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला," आई म्हणाली. "ह्यांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं."

दाराची एकच फळी उघडी होती. मी गेले आणि दुसरीही उघडली. बाहेरची टकटक सगळी आत आली.

"अप्पा," साहेब मोठ्याने म्हणाले. "अप्पा, हेमाची चूक नव्हती. मी खोटं बोललो होतो. पीस मी तापवला होता."

शेजारची हातोडी थांबली. मग तिच्या पलीकडची. एकेक करत गल्ली गप्प होत गेली. समोर विसपुते काकांनी चष्मा काढला आणि हातोडी खाली ठेवली.

साहेब वळून जायला निघाले.

"थांबा," आई म्हणाली. "हात जोडून सांगा. ह्यांनी जोडले होते."

साहेबांनी हात जोडले, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.